नळ बदलायचा की पाईप?

पाणी येण्याची वेळ झाली की नळ सोडायचा. आधी नुसती हवा सूं-सूं करते, मग एक उचकी लागते आणि मग कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी येते. अर्धी बादली मोरीत ओतून द्यायची आणि मगच हंडा नळाखाली लावायचा, ही सवय आपल्या कितीतरी घरांत इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही बिघडले आहे असे कोणाला वाटतच नाही. "पाईप जुना झालाय" एवढे म्हणून घरातली बाई पुढच्या कामाला लागते. धार फारच बारीक झाली तर कर्ता पुरुष बाजारातून नवा पितळी नळ आणतो, रविवारी बसवतो, आणि सोमवारी धार तेवढीच बारीक येते. मग दुकानदाराला शिव्या. बंधू-भगिनींनो, दोष नळाचा नसतो. भिंतीतून, जिन्याखालून, गटारावरून येणारा तो जुना लोखंडी पाईप आतून बुजलेला असतो. आज त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण प्रश्न नुसता सोयीचा नाही. लहान मुलांच्या तब्येतीचा आहे, आणि आपल्या खिशाचाही आहे.

मुंबईला विहार तलावाचे पाणी नळाने आले ते १८६० साली. मग १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. बीडीडी चाळी १९२० नंतरच्या दशकात उभ्या राहिल्या. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, म्युनिसिपालिटीत राबायला खेड्यातून आलेला माणूस अशा चाळींत राहिला. तेथे नळ सामायिक, रांग सामायिक आणि भांडणेही सामायिक. पुढे खोलीखोलीत मोरीजवळ नळ आला तो बहुतेक ठिकाणी जीआय पाईपातून. जीआय म्हणजे लोखंडी पाईप, वर जस्ताचा मुलामा. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. जोवर जस्त शिल्लक आहे तोवर सगळे ठीक असते. जस्त संपले की पाण्यातला प्राणवायू लोखंड खायला सुरुवात करतो.

हा गंज सगळीकडे सारखा लागत नाही. पाईप जोडायचे तर टोकाला आटे पाडावे लागतात. आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो आणि पाईपाची जाडीही कमी होते. त्यामुळे पहिली गळती होते ती एल्बोला, टीला, सॉकेटला, म्हणजे नेमकी जोडावर. भिंतीत गाडलेला पाईप ओलीमुळे बाहेरून कुजतो. आणि आत? आत गंजाच्या गाठी वाढतात. जुना पाईप कापून कधी आरपार पाहिला आहे का? अर्ध्या इंची पाईपात शिसपेन्सिलही सरळ जात नाही, अशी त्याची गत झालेली असते.

आम्ही कारकून माणसे; हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पाईपाचे भोक अर्ध्या इंचाचे पाव इंच झाले तर पाणी निम्मे येईल असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. तेवढ्याच दाबाला पाणी जवळपास सहावा हिस्साच येते, आणि आतला पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे त्याहूनही कमी. चांगल्या पाईपाला पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर अशा पाईपाला सहा मिनिटे लागतील. पाणी दीड तास असेल तर नव्वद बादल्यांऐवजी पंधरा बादल्या, म्हणजे सव्वादोनशे लिटर. घरात पाच माणसे असली तर माणशी ४५ लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हवे, असे सरकारी नियोजनात धरलेले असते. म्हणजे तलाव भरला, धरण भरले, वॉर्डातून पाणी सुटले, आणि आपल्या दारात येऊन त्याचे दोन हिस्से गंजाने अडवले.

म्हणून पहिले काम हे की पैसे खर्च करण्याआधी घड्याळ लावून बादली भरावी. मीटरजवळच्या नळावर एकदा आणि आपल्या मोरीत एकदा. मीटरजवळ जोरात आणि आपल्याकडे बारीक असेल तर दोष मधल्या पाईपाचा. दोन्हीकडे बारीक असेल तर दोष मीटरच्या अलीकडे नाही. तेव्हा घरातला पाईप बदलून उपयोग नाही, वॉर्ड ऑफिसात तक्रार हवी. ही एवढीशी चाचणी न करता लोक हजारो रुपये घालतात, हे पाहून जीव तुटतो.

आता आमच्या परिचयाच्या एका ओळीची हकीगत सांगतो. खाली चार खोल्या, वर चार खोल्या, मीटर एक. पाईप चाळीसएक वर्षांचा. मीटरपासून निघून तो उघड्या गटाराच्या कडेने, आणि तीन-चार फूट तर गटाराच्या आतूनच येत होता. त्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, एम-सीलचे लिंपण, जुन्या साडीची चिंधी असे सगळे औषधोपचार झालेले. वरच्या शेवटच्या खोलीत एक काकू राहतात. घरकाम करून मुलीला शिकवतात. त्यांच्याकडे बादली भरायला नऊ मिनिटे लागत. मुलगी नववीत, पाण्याची वेळ आणि शाळेची वेळ एकच. पोरीची पहिली तासिका नेहमीच बुडायची.

एका पावसाळ्यात ओळीतल्या दोन मुलांना कावीळ झाली. एक वरच्या मजल्यावरचे, एक खालच्या पहिल्या खोलीतले. ती कावीळ त्या पाईपानेच झाली असे छातीठोकपणे आम्ही म्हणणार नाही. मुले बाहेरही खातात, पितात. पण दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचाच. आणि त्याला कारण आहे.

चोवीस तास पाणी असते तेव्हा पाईपात सतत दाब असतो. भोक पडले तरी पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येते. पाणी बंद झाले की पाईपात उरलेले पाणी खालच्या नळांवाटे ओघळून जाते आणि आत पोकळी होते. ती पोकळी भरायला जेथून वाट मिळेल तेथून हवा आत ओढली जाते, आणि ते भोक गटारात बुडालेले असेल तर गटाराचे पाणीही. कोणी थेट लाईनवर मोटार लावून पाणी खेचत असेल तर विचारूच नका. ती मोटार शेजाऱ्याचे पाणी तर ओढतेच, भोकातून घाणही ओढते. काविळीचे ए आणि ई हे दोन प्रकार, विषमज्वर, हगवण, पटकी हे सगळे रोग याच वाटेने घरात येतात. पाण्याला क्लोरीन लावलेले असते हे खरे, पण पाईपात शिरलेल्या गटाराला पुरेल एवढे ते कधीच नसते.

तर ओळीची सभा भरली. हिशेबाची वही आमच्याकडे आली, कारण अशा वेळी "साहेब, तुम्ही ऑफिसातले" म्हणून वही आमच्याच हातात पडते. पहिल्या खोलीतले बाबा गोदीतून निवृत्त झालेले. ते स्पष्टच म्हणाले, "माझ्याकडं पाणी धो-धो येतंय. वरच्यांचं रडगाणं मी कशाला ऐकू? मी एक पैसा देणार नाही." माणूस वाईट नव्हे, पेन्शन तुटपुंजी आणि खर्च खरोखर दुसऱ्याच्या सोयीचा दिसत होता. वरच्या मजल्यावरची तरुण मुले उसळली, "मग तुमच्याकडं आम्ही मुळीच पाणी जाऊ देणार नाही," वगैरे. सभा मोडायच्या बेतात आली.

समजूत घातली ती वस्तीतल्याच एका तरुणाने. आयटीआयमधून प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स केलेला मुलगा. तो म्हणाला, "बाबा, पाणी सुटतं तेव्हा गटारातलं जे काही पाईपात शिरलंय, ते आधी कुणाच्या नळातून बाहेर पडतं? मीटरपासून पहिला नळ तुमचा." बाबा बराच वेळ बोलले नाहीत. कावीळ झालेले खालचे मूल त्यांचाच नातू. शेवटी म्हणाले, "लिहा माझं नाव."

अंदाजपत्रक दोन ठिकाणांहून मागवले. पहिल्याने ४१,००० रुपये ठोक सांगितले, यादी मागितली तर म्हणाला, "विश्वास नाही का?" विश्वासाचा प्रश्न नाही, यादीचा आहे. किती फूट पाईप, कोणत्या मापाचा, किती एल्बो, किती टी, किती व्हॉल्व्ह, मजुरी वेगळी. हे लिहून दिल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये. दुसऱ्याने कलमवार यादी दिली. सामान पंधरा हजार, मजुरी नऊ हजार, एकूण २४,०००. घरटी ३,०००. सहा घरांनी लगेच दिले. काकू आणि कंत्राटी सफाई कामगाराचे एक घर यांना एकदम जमण्यासारखे नव्हते. त्यांचे सहा हजार महिलांच्या बचत गटाने भरले आणि महिना पाचशेप्रमाणे सहा हप्त्यांत परत घ्यायचे ठरवले, बिनव्याजी. व्याज घ्यावे की नाही यावर गटात वाद झालाच. पण ज्या बाईने सगळ्यात आधी "नको" म्हटले ती स्वतः भाजी विकते, हे येथे नोंदवून ठेवतो.

आता सामानाविषयी. दुकानात गेले की पांढरा, राखाडी, पिवळसर असे नाना प्रकारचे प्लॅस्टिक पाईप समोर येतात. थंड पाण्यासाठी यूपीव्हीसी आणि थंड-गरम दोन्हींसाठी सीपीव्हीसी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. साधा पीव्हीसी पाईप गरम पाण्याने मऊ पडतो. गिझर असेल किंवा पुढेमागे बसवायचा विचार असेल तर सीपीव्हीसीच घ्यावा. या दोघांचे जोड एकमेकांत बसत नाहीत आणि चिकटवायचे सोल्युशनही वेगळे असते. पाईपावर आयएसआयची खूण पाहावी. सीपीव्हीसीसाठी आयएस १५७७८ हा आकडा छापलेला असतो.

मापाची एक गोम मात्र नीट समजून घ्या, कारण ती दुकानदार सांगत नाही आणि पुष्कळ प्लंबरही सांगत नाहीत. जुना जीआय अर्धा इंची असेल तर आपण म्हणतो, "अर्धा इंचीच द्या." पण जीआयच्या अर्ध्या इंची पाईपाचे भोक नवा असताना साधारण १५-१६ मिलिमीटर असते. सीपीव्हीसीचा बाहेरून मोजूनच १५.९ मिलिमीटर भरतो, आणि आतले भोक १२ मिलिमीटरच्या आसपास! म्हणजे नाव तेच आणि वाट अरुंद. पाण्याला दाब भरपूर असेल तर हे खपून जाते. आपल्याकडे दाबाची बोंब असते. म्हणून जेथे जीआय अर्धा इंची होता तेथे सीपीव्हीसी पाऊण इंची घ्यावा, आणि अर्धा इंची फक्त नळापाशी शेवटच्या हातभर तुकड्याला वापरावा. त्या ओळीत मुख्य पाईप एक इंची, प्रत्येक खोलीला पाऊण इंची, असे केले. खर्च थोडा वाढला. पण मजुरी तीच लागते. पाईप लहान घेऊन वाचवलेले पैसे पुढची वीस वर्षे रोज सकाळी नळावर उभे राहून फेडावे लागतात.

जोडकामात घाई चालत नाही. पाईप काटकोनात कापायचा, कडेचा भुसा काढायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा, दोन्हीकडे सोल्युशन लावायचे, आत घालताना थोडा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. मग डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत पाणी सोडायचे नाही. "चालतंय हो, सोडा" म्हणणारा कारागीर असेल तर हात धरावा. नळ जेथे लागतो तेथे प्लॅस्टिकच्या आट्यात पितळी नळ पिळू नये, तडा जातो. आत पितळेचे आटे बसवलेला जोड मिळतो, थोडा महाग असतो, पण तोच घ्यावा. आणि सफेदा नको. लोखंडी आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेदा फासण्याची जुनी रीत आहे. त्यातले तेल प्लॅस्टिकला मानवत नाही, आणि सफेदा म्हणजे मुळात शिशाचा रंग. आट्यांना टेफ्लॉन टेपचे काही वेढे पुरतात. उन्हात उघडा राहणारा पाईप काही वर्षांत ठिसूळ होतो. त्याला पाण्यात कालवायचा रंग द्यावा, तेलाचा नव्हे. दर तीन फुटांवर क्लॅम्प मारावा, नाही तर पाईप झोळीसारखा लोंबतो.

शिशाचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. शिसे पाण्यात दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि पाणी उकळून ते जात नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे शहर आहे. मोटारीच्या कारखान्यांतून काम करणाऱ्यांचे शहर, कृष्णवर्णीय बांधव तेथे बहुसंख्य. पैसे वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये तेथला पाणीपुरवठा नदीवर वळवला, आणि पाईप झिजू नयेत म्हणून पाण्यात जे औषध घालावे लागते तेच घातले नाही. जुन्या पाईपांतले शिसे पाण्यात उतरले. लोक रंगीत पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि अधिकारी पाणी चांगले आहे म्हणून सांगत होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये जुना पुरवठा पुन्हा सुरू झाला, तोपर्यंत दीड वर्ष गेले होते. एवढ्या श्रीमंत देशात ही गत. आपल्याकडे पीव्हीसी पाईप घडवतानाही शिशाची संयुगे वापरत असत. २०२१ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्याबद्दल नियम काढले. तरी घेताना पाईपावर शिसे नसल्याचा छाप पाहावा, आणि रात्रभर नळात राहिलेले पहिले पाणी कधीही पिण्यास घेऊ नये. ते धुण्याभांड्याला चालते.

यापुढची गोष्ट मात्र सगळ्यांनी थांबून वाचावी. घरातले कोणी वाचणारे नसेल तर मोठ्याने वाचून दाखवावी.

जुन्या चाळींत विजेच्या अर्थिंगची तार पुष्कळ वेळा सरळ पाण्याच्या लोखंडी पाईपाला गुंडाळलेली असते. वायरमनला ते सोपे पडे. पाईप जमिनीत जातो, म्हणजे अर्थ झाले. आता तुम्ही पाईप प्लॅस्टिकचा केलात की ती वाट तुटली. प्लॅस्टिकमधून वीज जमिनीत जात नाही. फ्रीजमध्ये, इस्त्रीत, पाणी तापवण्याच्या गिझरमध्ये कधी वीज उतरली तर ती जाणार कोठे? त्याहून वाईट म्हणजे अर्धा पाईप बदलला आणि नळाकडचा लोखंडी तुकडा तसाच ठेवला, त्यालाच ती तार बांधलेली राहिली, तर शेजारच्या फ्रीजची वीज तुमच्या नळात येऊ शकते. ओल्या मोरीत, अनवाणी, ओला हात नळावर. पुढचे लिहीत नाही.

त्या ओळीत अशी तार तिसऱ्या खोलीत निघाली. कपाटामागे होती, कोणाला ठाऊकही नव्हती. बरे की पाईप कापण्याआधी वायरमनला बोलावून आठही खोल्या तपासल्या होत्या. मग जमिनीत खड्डा घेऊन स्वतंत्र अर्थिंग केले आणि प्रत्येक मीटरनंतर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वीज अंगातून किंवा ओलीतून भलत्या वाटेने जाऊ लागली की हे यंत्र क्षणात प्रवाह तोडते. त्याचा खर्च चोवीस हजारांत धरलेला नव्हता, त्यामुळे पुन्हा कुरकुर झाली. पण येथे काटकसर करू नये असे आमचे ठाम मत आहे. पाईपाचे काम पुढच्या वर्षावर ढकलले तरी चालेल, अर्थिंग तपासल्याशिवाय लोखंडी पाईप काढू नये. आणि पाईपाला गुंडाळलेली तार दिसली तर आपल्या हाताने सोडू नये. ते काम वायरमनचे.

गटारातला तुकडा हा सगळ्या दुखण्याचा मूळ. मीटरच्या पलीकडे, रस्त्यातल्या वाहिनीकडे आपण हात लावायचा नसतो. त्यासाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज आणि परवानाधारक प्लंबर लागतो. अर्जाची पोच घ्यावी, शिक्का मारून घ्यावा. "नंतर या" म्हटले तर कोणत्या तारखेला ते लिहून मागावे. मीटरच्या अलीकडचा पाईप मात्र त्यांनी गटारातून काढून भिंतीला धरून गुडघाभर उंचीवर घेतला. जेथे गटार ओलांडणे टळत नव्हते तेथे तो मोठ्या पाईपाच्या पोटातून, पाण्याच्या वरून नेला. म्हणजे गटार तुंबले तरी त्याचा स्पर्श नाही.

ज्यांच्या झोपडीला अजून जोडणीच नाही त्यांना हे सगळे वाचून वाटेल, आम्हाला कसला पाईप आणि कसला नळ. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. त्यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

कामाला दोन दिवस लागले. आदल्या दिवशी प्रत्येक घराने पिंपे भरून ठेवली. नवा पाईप जुन्याच्या शेजारून आधी पूर्ण टाकून घेतला आणि मग एकाच दुपारी जोडणी फिरवली. त्यामुळे एकाही घरचे पाणी बुडाले नाही. प्रत्येक खोलीच्या बाहेर वेगळा बॉल व्हॉल्व्ह ठेवला. पूर्वी एका घरचा वॉशर बदलायचा तर आठ घरांचे पाणी बंद करावे लागे. पाणी सुटल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे सगळे नळ जाळी काढून मोकळे सोडले, कारण पाईपाचा भुसा आणि माती बाहेर पडावी लागते. मग जोडाजोडाखाली वर्तमानपत्राचा कपटा ठेवला. थेंबभर गळती असली तरी कागद सांगतो. दोन ठिकाणी कागद ओला झाला, तेवढे जोड पुन्हा केले. पहिल्या आठवड्यात पिण्याचे पाणी सगळ्यांनी उकळूनच घेतले. आरोग्य खात्याच्या माणसाला बोलावून पाण्यातला क्लोरीन तपासून घेतला. पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकतात. क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. मुले ती गंमत बघायला जमली होती.

भिंतीतले जुने पाईप उपसून काढायच्या फंदात पडले नाहीत. टोके बंद करून तसेच ठेवले. भिंत जुनी, पाईप ओढायला जाल तर पलीकडच्या घराचा गिलावा खाली यायचा. बाहेरचे लोखंड भंगारवाल्याला दिले. त्या पैशात मीटरजवळ एक चांगला स्टॉप कॉक आणि पाणी उलटे फिरू नये म्हणून एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आला. लाईनवर मोटार कोणीही लावायची नाही, हे वहीत लिहून आठ सह्या घेतल्या. एका घरात मोटार होती, ती विकली.

प्लंबरच्या त्या मुलाने जाता जाता एक काम न सांगता केले. कोणता पाईप कोठून जातो, व्हॉल्व्ह कोठे आहेत, भिंतीत किती उंचीवर आहे, याचा नकाशा वहीच्या पानावर काढून दिला. भिंतीत खिळा ठोकताना आता कोणी आंधळेपणाने ठोकणार नाही. त्याची एकेक झेरॉक्स प्रत्येक घरी रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. दर सहा महिन्यांनी शेवटच्या खोलीत घड्याळ लावून बादली भरायची आणि वेळ त्या कागदावर टिपायची, असे ठरले आहे. पहिली नोंद काकूंच्या मुलीने केली आहे: पावणेदोन मिनिटे.